डिचोलीच्या मांगरातली मारुती व्हॅन

जुनी मारुती व्हॅन घेऊन ती दुरुस्त करायची म्हणून दोन बघितल्या होत्या. एक हरमलला, समुद्रापासून पाच मिनिटांच्या चालीवर. पांढरीशुभ्र, नवी सीटकव्हरं, रंग असा की तोंड दिसावं. दुसरी वाळपईजवळ काजूच्या बागायतीत उभी. मागच्या काचेवरचं शाळेचं नाव अर्धवट खरवडलेलं आणि टपावर फणसाची पानं कुजून काळा थर साचलेला. मी वाळपईची घेतली. कारण हरमलच्या गाडीतली पायाखालची रबरी चटई उचलून मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि भोकातून खालची वाळू दिसली. मालक म्हणाले, "तेवढी एक जागा सोडली तर गाडी फर्स्ट क्लास आहे हां."

गोव्यात जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करायची म्हणजे पहिलं भांडण पाण्याशी आणि मिठाशी. इंजिनाचं दुखणं पैसे टाकले की पंधरा दिवसांत बरं होतं. पत्र्याचं तसं नाही. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा पत्र्याला दिली आहे. माझ्या खर्चातलाही अर्धा वाटा तिथेच गेला.

हीच गाडी का

मारुती व्हॅन १९८४ साली आली. १९८८ पासून तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये ती बंद झाली, कारण अपघात-सुरक्षेचे नवे नियम तिच्या चपट्या तोंडाला झेपणारे नव्हते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), बाजूला सरकते दरवाजे. पस्तीस वर्षं तेच इंजिन चाललं आणि मारुती ८०० मध्येही तेच होतं, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. गावातला कुठलाही मेस्त, म्हणजे मिस्त्री, डोळे मिटून ते उघडतो. गोव्यात या गाडीने शाळेची मुलं नेली, मासळी नेली, भजनी मंडळाच्या पेट्या आणि पखवाज नेले. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान भरून बाजारातून परतणारी व्हॅन तर आमच्या पिढीने लहानपणी दर वर्षी पाहिली.

ज्यांना मॅटॅडोरची हौस आहे त्यांनी जरूर करावी. पण ती मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, मावत नाही, आणि तिचे पत्र्याचे भाग शोधता शोधता वर्ष निघून जातं. पहिलाच प्रकल्प असेल तर मारुती बरी.

आधी कागद, मग गाडी

आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. ठोकलेल्या नंबराभोवतीचा पत्रा गंजला असेल तर ब्रशने हलकेच साफ करा, ग्राइंडर अजिबात लावू नका. एकदा नंबर पुसला की ती गाडी कागदोपत्री मेली. इंजिन नंबरही जुळवा. जुन्या व्हॅनमध्ये इंजिन बदलून नोंद न केलेली असणं नवलाचं नाही. गॅस किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का, आणि किट काढलं असेल तर ती नोंद उतरवली आहे का, तेही बघा. कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याकडून घ्या. पैसे त्यानंतर.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी सिंधुदुर्गातून किंवा बेळगावातून आणलेली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून चारचाकीला हे शुल्क पाच हजार झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या गाड्यांसाठी दहा हजार. जाण्याआधी चालू दर एकदा विचारून घ्या. गाडी आधी टॅक्सी किंवा शाळेची असेल तर खासगी करून घेण्याचं काम वेगळं, आणि त्याला फेऱ्या जास्त पडतात. माझ्या तीन झाल्या.

बरेच जण "व्हिंटेज नंबर मिळेल का" म्हणून विचारतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी. पहिल्यावहिल्या मारुती व्हॅनचीही पन्नाशी २०३४ मध्ये भरेल. शिवाय व्हिंटेज नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तेव्हा तो नाद सोडा.

टोचून बघा

बघायला जाताना टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, एक छोटं लोहचुंबक आणि जुनी चादर न्या. चादर अंथरून गाडीखाली झोपल्याशिवाय भाव बोलायचा नाही. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून दरवाजाच्या खालच्या भागावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी जाड आहे, म्हणजे पत्रा गेला आहे किंवा ठोकलेला आहे.

या गाडीला गंज धरतो त्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या पायाखालचा पत्रा, सरकत्या दरवाजाचा खालचा रेल, दरवाजाखालची उंबऱ्याची पेटी, पुढच्या काचेच्या बिडिंगखालचे (काचेभोवतीच्या रबरी पट्टीखालचे) दोन्ही कोपरे, टपाच्या कडेची पन्हळ, डिकीच्या दरवाजाची खालची कड, आणि मागचे पाटे जिथे बॉडीला अडकतात ती जागा. पायाखालचं भोक ठिगळ लावून बुजवता येतं. पण पाट्यांची जागा किंवा पुढच्या शॉकअॅब्झॉर्बरचं वरचं घर कुजलं असेल तर गाडी सोडून द्या. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. पत्राच तिचा कणा आहे.

माझ्या शेजारचे मेस्त, ज्यांचे हात या गाडीला सगळ्यात जास्त लागले, ते पहिल्या दिवशी गाडीभोवती फिरून एवढंच म्हणाले, "बाब, दिसता तो गंज न्हय, दिसना तो खाता."

काम कधी काढायचं

पणजीला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वाळपईच्या सत्तरी तालुक्यात त्याहून जास्त. त्यामुळे इथे कामाचा क्रम पंचांगाने ठरतो. पत्रा आणि रंग ऑक्टोबर ते एप्रिल. इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि आतली सुतारकी पावसात, छपराखाली. उलटं केलंत की फसलात.

मी फसलो होतो. पहिल्या वर्षी हौसेने आधी इंजिन उतरवलं, पत्र्याला हात लावेपर्यंत एप्रिल उजाडला आणि रंगाला जून. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला, रात्री पाऊस झाला, आणि सकाळी अख्खा टप ताकासारखा पांढुरका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंगात अडकतो. तो सगळा रंग घासून काढला आणि दसऱ्यानंतर पुन्हा मारला.

जागा कशीही चालेल, पण छप्पर हवं आणि खाली कोबा हवा. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीवरून खालून ओल चढते. तिथे निदान जाड प्लॅस्टिक अंथरा. माडाखाली गाडी ठेवू नका. नारळ पडल्यावर टपाला किती खोल खड्डा पडतो ते मला माहीत आहे.

खोलणं

खोलण्याआधी फोटो. खोलताना फोटो. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना कागदी टेपवर एकच नंबर. बोल्ट डब्यांत, डब्यांवर नाव: "डावा दरवाजा, मधला रोलर", असं पूर्ण. "दरवाजा" एवढंच लिहिलेलं सहा महिन्यांनी कळत नाही.

अडलेल्या बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सोडवा; आवळताना गंजाची पकड तुटते. तरीही अडला तर गरम करा. पण पेट्रोलची नळी, टाकी आणि ब्रेकचे पाइप जवळ असतील तर ज्योत नको, बोल्ट कापून काढा. नवे बोल्ट बाहेरच्या भागात शक्यतो जस्ताचा मुलामा असलेले घ्या. स्टेनलेस दिसतात छान, पण ओल्या खाऱ्या हवेत साध्या पत्र्याला लागून बसले की शेजारचा पत्रा लवकर खातात.

सीट, छताचं कापड, खालचं फोम सगळं बाहेर काढा. शाळेच्या गाडीच्या सीटखाली काय काय सापडतं म्हणून सांगू? पेन्सिली, एक डबा, रिबिनी, आणि नाण्यांमध्ये चार आण्याचंही एक.

पत्रा

आधी धुणं. इंजिन धुतो तसं नाही. गाडीचा तळ, उंबऱ्याच्या पेट्या, चाकांच्या कमानी गोड्या पाण्याच्या जोराच्या धारेने, निदान तीन वेळा, मधे वाळवून. गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. ते तसंच ठेवून वर कितीही भारी प्रायमर मारला तरी खालून फुगतं. किनारपट्टीची गाडी असेल तर शेवटचं पाणी गरम घ्या.

धुऊन सुकल्यावर तारेचा ब्रश आणि ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, यात चालढकल नको. घासत घासत चांगला, चमकदार पत्रा लागेपर्यंत जायचं. कुजलेला भाग दिसतो त्यापेक्षा निदान बोटभर पुढे कापा. पातळ कडेला वेल्डिंग धरत नाही, भोक मोठं होत जातं.

ठिगळासाठी २० गेजचा सीआरसी पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. पाट्यांच्या जागेजवळ १८ गेज. आधी पुठ्ठ्यावर आकार कापून बसवून बघा, मग पत्र्यावर उतरवा. जुन्या पद्धतीने गॅस वेल्डिंग केलं तर पत्रा तापून लाटा येतात. म्हणून सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरणारा) वेल्डिंगवाला शोधा. आणि त्यालाही सांगा, सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा परत इकडे. मेस्त पत्र्यावर हात ठेवून बघायचे: हात ठेववत नाही म्हणजे थांबायचं, बिडी ओढून यायचं.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढून ठेवा. टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवून मांगराबाहेर. फोम, कापड, तेलकट चिंध्या दूर, आणि पाण्याची बादली व वाळू हाताशी. पेट्रोलच्या टाकीला स्वतः वेल्डिंग कधीही नाही, धुतलेली असली तरी नाही.

आता जे बहुतेक जण चुकतात ते. सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळी उघडा ठेवायचा नाही. आपल्याकडच्या हवेत एका रात्रीत त्यावर केशरी धूळ धरते. म्हणून जेवढा घासला तेवढ्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. रोज एक भाग घ्या: आज डावी कमान, उद्या उजवी. जिथे ग्राइंडर पोहोचत नाही तिथे फॉस्फोरिक आम्लाचं गंज-परिवर्तक लावा. गंज काळा पडतो, वर आम्लाचा थर उरला असेल तर तो पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून मग प्रायमर. परिवर्तक म्हणजे जादू नव्हे. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते वरवरच राहतं.

पुट्टी, कोणी लांबी म्हणतात, ती प्रायमरच्या वर, आणि दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. पुट्टी पाणी शोषते. भोकावर जाळी लावून पुट्टीने बुजवणारे कारागीर स्वस्त पडतात, पण पुढच्या चवथीपर्यंत तिथे फोड येतो.

जोडांवर सीम सीलंट भरा. तळाला रबरी कोटिंग द्या, पण फक्त स्वच्छ आणि प्रायमर लावलेल्या पत्र्यावर. गंजावर डांबर थापलं की आतली ओल आतच राहते आणि पत्रा झाकून सडतो. माझ्या गाडीच्या तळाला आधीच्या मालकाने असंच जाड डांबर दिलं होतं. ते खरवडताना कोटिंगसकट पत्रा हातात आला.

शेवटचं काम दिसत नाही आणि म्हणून कोणी करत नाही. उंबऱ्याच्या पेट्या, दरवाजाचे आतले कप्पे, खांब या पोकळ जागांत लांब नळीने मेण फवारायचं. त्याआधी खालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. माझ्या गाडीची सगळी भोकं लाल मातीने बुजली होती. डाव्या उंबऱ्यातलं भोक उघडलं तेव्हा पाण्याची धार लागली, फेब्रुवारी महिन्यात.

सरकत्या दरवाजाचे तीन रोलर बदला, महाग नाहीत. रेलला ग्रीस थापू नका. आपल्या लाल धुळीत ग्रीस मिसळलं की पॉलिश पेपरसारखं काम करतं. ग्रॅफाइट किंवा मेणाचा कोरडा स्प्रे पुरतो.

रंग

जुन्या गाडीला मूळ रंगच शोभतो, असं माझं मत. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते, हा भाग वेगळाच. दरवाजाच्या आतला, उन्हाने न उडालेला भाग दाखवून रंग जुळवून घ्या.

एनसी घरच्या माणसाला जमतो, घासून चमकवता येतो, पण समुद्राच्या हवेत टिकाव कमी. पीयू (पॉलियुरेथेन) टिकतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला वाईट. कापडी मास्कचा उपयोग शून्य. रासायनिक वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि वारा खेळता नसेल तर पीयू बाहेर बूथमध्ये, म्हणजे रंग मारण्याच्या बंद खोलीत, करून घ्या. मी तेच केलं. सर्फेसरपर्यंतची (रंगाखालच्या शेवटच्या अस्तरापर्यंतची) घासाघीस घरी, अखेरचे हात बूथमध्ये. जानेवारीच्या सकाळी दव पडतं, तेव्हा घरी स्प्रे करणार असाल तर दहानंतर सुरू करा आणि चारला थांबा.

ब्रेक आणि चाकं

इंजिन चालू करण्याची सगळ्यांना घाई. आधी गाडी थांबायला हवी.

माझ्या व्हॅनला चारही चाकांना ड्रम होते. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होजपाइप सगळे नवे घेतले; किट टाकून वाचवण्यात अर्थ नव्हता, आतली भिंत गंजाने खड्डे पडलेली होती. लोखंडी पाइप कपड्याने पुसून बघा. जिथे कपडा अडकतो तिथे पाइप बदला. जुन्या ब्रेक शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडे ते दर वर्षी, फार तर दोन वर्षांनी, पूर्ण बदला. उघडी राहिलेली बाटली वापरू नका.

पुढे डिस्क बसवायची असेल तर त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचा पूर्ण संच घ्या: हब, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, बूस्टर. नुसती डिस्क लावून जुना मास्टर ठेवलात तर पेडल भलतीकडेच जातं. आणि आरटीओतल्या निरीक्षकाला आधी विचारा.

टायर १४५ आर १२. बाजूवर चार आकडी तारीख असते. ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसो, सहा-सात वर्षांचा टायर नको. मोठी अलॉय चाकं लावण्याचा मोह होतो. बेअरिंगवर ताण येतो आणि वळताना टायर कमानीला घासतो. मागचे पाटे सोडवून, घासून, रंगवून, नव्या बुशांसह बसवले की निम्मा खडखडाट जातो.

इंजिन

सीट उचलली की इंजिन समोर. म्हणूनच सीटखालच्या झाकणाचं रबर नवं हवं. नाहीतर एक्झॉस्टची गळती थेट केबिनमध्ये येते, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खोलण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. तिन्ही सिलिंडरच्या आकड्यांत एक किलोपेक्षा जास्त फरक नसेल आणि ऑइल जळत नसेल तर इंजिन खोलू नका. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, सगळी रबरं, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फिल्टर एवढ्यावर माझं इंजिन आजही चालतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२. प्लगच्या वायरी उपटण्याआधी त्यांवर नंबर टाका. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मिळतं. पावसात सकाळी एका सेल्फमध्ये गाडी चालू व्हायची असेल तर हा बदल पैसे वसूल करतो. जुने पॉइंट मात्र डॅशच्या कप्प्यात ठेवा.

रेडिएटरात विहिरीचं पाणी नको. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. घाटात गरम होते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. तो परत बसवा आणि गरम होण्याचं खरं कारण शोधा. माझ्या बाबतीत रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या गाळाने बंद होत्या.

पेट्रोलविषयी थोडं सविस्तर. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली, वर पावसाळा असला, तर टाकीच्या तळाशी पाण्याचा थर साचतो आणि तिथून गंज सुरू. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, कार्बोरेटरची किट नवी टाका, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे पाणी नि गंजाची भुकटी दिसते. उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. टाकीत गंज असेल तर सायट्रिक आम्लाचं पाणी भरून दोन दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, आणि लगेच गरम हवेने सुकवा. सुकवायला उशीर केलात की पुन्हा पहिल्यापासून.

मोठं इंजिन टाकू का, असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणतो. परवानगीशिवाय इंजिन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. आणि ही गाडी साठच्या वेगातच शहाणी असते. चालकाच्या गुडघ्यांपुढे फक्त पत्रा आहे, हे विसरू नये.

वायरिंग

निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. बॉडीला वायर जिथे बोल्टने जोडली आहे ती प्रत्येक जागा उघडून चकचकीत घासा, आवळा, वर व्हॅसलीन लावा. जोड कुठेही पिळून टेप लावलेला नको. क्रिंप करून, वर उष्णतेने आवळणारी नळी.

हेडलाइटला रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) हवेत. जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून फिरून जातो. मी मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १३.५ व्होल्ट आणि बल्बवर १२. दीड व्होल्टच पडला, पण तेवढ्याने हॅलोजनचा उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. दोन रिले, फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर साखळी गावच्या रस्त्यावरचे गुरांचे डोळे मला लांबून दिसू लागले.

आतली मांडणी

मागे झोपण्याची सोय करायची तर मूळ सीटच्या बोल्टांवरच बसणारी, काढता येणारी चौकट करा. कापाकापी करून पक्की बसवलेली मांडणी म्हणजे बॉडीचा प्रकार बदलला, आणि आरसीचा प्रश्न पुन्हा. प्लायवूड मरीन, आयएस ७१० शिक्क्याचं; कापलेल्या कडांना वॉर्निश. साधं प्लाय आमच्याकडे श्रावणापर्यंत टिकतं. गादीला सुती कापड छान वाटतं, पण बुरशी धरते. मी वर धुता येणारं खोळ आणि खाली हवा खेळायला पट्ट्यांची फळी ठेवली.

पंख्याचा हिशेब असा: बारा व्होल्टचा पंखा साधारण दोन अँपिअर घेतो, म्हणजे आठ तासांच्या रात्रीला सोळा अँपिअर-तास. गाडीची ३५ अँपिअर-तासांची लेड बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवायची नसते. म्हणजे एका रात्रीतच ती हद्दीवर येते आणि सकाळी ढकलायला माणसं बोलवावी लागतात. झोपण्याच्या सोयीला बॅटरी वेगळी घ्या.

मागच्या सीटना तीन-बिंदूंचे पट्टे लावायचे तर नुसत्या पत्र्यात बोल्ट मारू नका, झटक्यात पत्रा फाटतो. आतून जाड लोखंडी पट्टी द्या, आणि हे काम रंगाच्या आधी.

रस्त्यावर

पहिली फेरी घराभोवती, दुसरी साखळीपर्यंत, तिसरी केरीवरून चोर्ला घाट. घाटात उतरताना इंजिनच्या ब्रेकवर, दुसऱ्या गिअरमध्ये. ड्रम तापले की पेडल खाली जातं. वास आला तर थांबा आणि निवू द्या, वर पाणी मारू नका. पाचशे किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट, पाट्यांचे बोल्ट, इंजिनचे माउंट पुन्हा आवळा आणि ऑइल बदला. पीयूसी आणि विमा त्याआधीच. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालून फोटो काढायची हौस असेल तर आवरा; गोव्यात तो गुन्हा आहे, आणि एवढा घासलेला पत्रा परत मिठात बुडवायचा कशाला?

पहिल्या पावसात गाडी अंगणात उभी करून आत टॉर्च घेऊन बसा, घरच्या कुणाला तरी बाहेरून पाइप मारायला सांगा. गळती अशी सापडते. माझ्या गाडीला चार ठिकाणी होती. तीन बुजली. डाव्या मागच्या दिव्यात मात्र अजून पाणी जातं. बिडिंग बदललं, सीलंट भरलं, दिवाही बदलला. शेवटी मेस्तांनी ड्रिल मागून घेतली आणि दिव्याच्या खालच्या कडेला बारीक भोक पाडून दिलं. आता येतं तसं जातं.